इंग्रजी शिकवायचं ते नेमकं कशासाठी?

पत्र:

"ताई नमस्कार. मी बार्शी तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलला आहे, आठवी ते दहावीचं इंग्रजी माझ्याकडे आहे. नोकरी लागून दुसरंच वर्ष. माझ्या विषयाबद्दल शाळेत प्रत्येकाचं वेगळंच चाललंय. हेडसर म्हणतात दहावीचा रिझल्ट बघा, कृतिपत्रिका घोटून घ्या, बाकीचं राहू द्या. पालक म्हणतात पोरं फाडफाड बोलली पाहिजेत, शेजारच्या इंग्लिश मीडियमची कशी बोलतात. एक सीनियर सर म्हणतात इंग्रजी म्हणजे साहित्य, कविता, संस्कार, तुम्ही त्याचा स्पोकन क्लास करून टाकू नका. आणि मराठीच्या मॅडम म्हणतात आधी पोरांना मराठी तरी धड येऊ दे. मी एम.ए. इंग्लिश आहे, पण आठवीत पंधरावीस मुलं अशी आहेत ज्यांना साधं एक वाक्य वाचता येत नाही. कोणाचं ऐकू? हा विषय शाळेत आहे तो नेमका कशासाठी?"

नमस्कार मॅडम,

तुमच्या शाळेतल्या प्रत्येकाला कसली ना कसली धास्ती आहे आणि ती खरी आहे, हे आधी मान्य करूया. हेडसरांना निकालाची, कारण निकाल पडला की गावात बोभाटा होतो, मग पट कमी होतो, मग संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, तुकडी जाते आणि कोणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि दोन वर्षं नोकरी झालेल्या शिक्षिकेने तर ही धास्ती हलक्यात घेऊच नये. पालकांना वाटतं आपलं पोरगं पुण्याला गेल्यावर चार लोकांत मान खाली घालून बसेल. सीनियर सरांना वाटतं कविता गेल्या तर या विषयात उरलं काय, आणि मराठीच्या मॅडमना जे वाटतं ते तर मलाही वाटतं, त्यावर पुढे बोलते.

पण सगळ्यांचं मन राखायला म्हणून थोडं ग्रामर, थोडं स्पीकिंग, थोडी कविता, थोडा पेपर असं करत बसलात तर आठवड्याच्या तासिका कधी संपतात कळत नाही आणि पोराच्या हातात काहीच पडत नाही. कुठलं तरी एक पहिलं ठरवावंच लागतं. माझं मत विचाराल तर मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी विषयाचं पहिलं काम हे, की दहावीतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आधी कधी न बघितलेला इंग्रजी मजकूर कोणी अर्थ न सांगता वाचता आला पाहिजे आणि काय वाचलं ते सांगता आलं पाहिजे, मराठीत सांगितलं तरी चालेल. बोलणं, लिहिणं, कविता, मार्क हे सगळं त्याच्या मागून येतं, आणि वाचन आलेल्याला ते बरंच सोपं जातं.

असं का म्हणते ते सांगते. तुमची मुलं पुढे कुठे जातात बघा. अकरावी सायन्सला गेली की फिजिक्स, केमिस्ट्रीची पुस्तकं एकदम इंग्रजीत. आता नीटची परीक्षा मराठीतून देता येते ही चांगली गोष्ट आहे, पण एमबीबीएसला नंबर लागला की समोर येणारं जाडजूड अॅनाटॉमी काही मराठीत नसतं. नर्सिंगला गेलेल्या मुलींचं तेच, माझ्या जुन्या विद्यार्थिनी फोन करून हेच सांगतात की मॅडम लेक्चर कळतं पण रूमवर येऊन पुस्तक उघडलं की अर्ध्या तासात एक पान होत नाही. शेतीच्या वाटणीची केस तालुक्याच्या कोर्टात मराठीत चालते, पण अपील होत होत हायकोर्टात गेली की निकाल इंग्रजीत हातात पडतो, कारण घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे हायकोर्टाची भाषा इंग्रजी आहे, आणि मग ज्याची जमीन तोच माणूस वकिलाच्या तोंडाकडे बघत बसतो. या सगळ्या ठिकाणी त्या माणसाला कोणी इंग्रजी बोलून दाखव म्हणत नाहीये. कागद समोर आहे आणि तो वाचता येत नाही, अडचण तिथे आहे.

हे मी आज माझ्या मनाने काढलेलं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक ढाक्याच्या ट्रेनिंग कॉलेजात होते, त्यांनी १९२६ मध्ये बंगालमधल्या मुलांच्या इंग्रजीवर एक मोठा अभ्यास छापला. त्यांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला होता, की ही बरीचशी मुलं शाळा मधेच सोडतात, तर ज्या वर्षी सुटेल त्या वर्षी त्यांच्या हातात काय राहतं? अर्धवट शिकलेलं ग्रामर कशाच्याच उपयोगाचं नाही, अर्धवट बोलणं गावात बोलायला कोणी नसलं की दोनचार वर्षांत विसरायला होतं, पण अर्धवट का होईना वाचता येत असेल तर ते राहतं आणि माणूस ते स्वतःचं स्वतः वाढवू शकतो. म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांची, सोपी, भराभर वाचून होतील अशी पुस्तकं तयार केली. आता बंगाल सोडा आणि तुमच्या वर्गाकडे बघा, दहावीनंतर लग्न लागणाऱ्या मुली तुमच्याकडे आहेतच, आणि आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन चारपाच महिने गायब होणारी मुलंही असतील. त्यांच्या हातात काय राहणार हा प्रश्न मला बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो. पुढे कोठारी आयोगाने सुद्धा, १९६४ ते ६६ चा तो, इंग्रजीचा विचार ग्रंथालयाची भाषा म्हणून केला होता, म्हणजे ज्ञान जिथे साठवलंय तिथपर्यंत पोचायची भाषा.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते बघू, कारण खरी गोम इथे आहे. वर्गात धडा सुरू होतो, मॅडम एक ओळ वाचतात, तिचं मराठी सांगतात, दुसरी ओळ, तिचं मराठी, मुलं पेन्सिलने पुस्तकात शब्दांच्या डोक्यावर अर्थ लिहून घेतात, धडा संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर, ती वहीत, मग पाठ. यात मुलाने स्वतः कधी वाचलं? एकदाही नाही. वाचलं मॅडमनी, समजून घेतलं मॅडमनी, उत्तर बनवलं गाईडवाल्याने. दहावीच्या कवितेच्या अप्रिसिएशनचं तर इतकं वाईट वाटतं, टायटल, पोएट, राइम स्कीम, दोन फिगर्स ऑफ स्पीच, थीम, असा साचा ठरलेला आणि सगळ्या वर्गाचं उत्तर शब्दाला शब्द सारखं, त्यात एका ठिकाणी लिहिलेलं असतं की मला ही कविता आवडली कारण अमुक तमुक, ते सुद्धा पाठ केलेलं! मुलाला काय आवडलं ते सुद्धा आपण डिक्टेट करतोय मॅडम. आणि हे सगळं वर्षानुवर्षं मन लावून, खूप मेहनत घेऊन होतंय, शिक्षक आळशी आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही.

याचा परिणाम आकड्यात दिसतो. आपल्या राज्यात आधी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून आलं. त्यामागची कळकळ खरी होती, खेड्यातल्या पोराला शहरातल्या पोराइतकीच संधी मिळावी ही. पण लवकर सुरू केलं म्हणून वाचता येतंच असं नाही. असर म्हणजे प्रथम संस्थेची गावोगावची शिक्षण पाहणी, तिच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतात सोपी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी मुलं पाचवीत २४.५ टक्के आणि आठवीत ४६.७ टक्के निघाली, म्हणजे आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना ती वाचता येत नव्हती. आकडे देशाचे आहेत पण तुमच्या आठवीतली पंधरावीस मुलं याच चित्रातली आहेत, त्यामुळे माझ्याच वर्गात हे काय वाढून ठेवलंय असं वाटून घेऊ नका.

मग करायचं काय. पहिल्या आठवड्यात धडा बाजूला ठेवा आणि आठवीच्या एकेका मुलाला जवळ बोलावून चार सोपी वाक्यं वाचायला द्या, बाकीच्यांना तेवढ्यात काहीतरी लिहायला देऊन. फक्त ऐका, चुका काढू नका, मार्क देऊ नका. कोण अक्षरावर अडकतंय, कोण शब्दावर, कोण वाचतंय पण कळत नाहीये, हे तुम्हाला कळेल. अक्षरावर अडकणाऱ्यांना आठवीचं पुस्तक देण्यात अर्थ नाही, त्यांना आवाज आणि अक्षर यांची सांगड घालून द्यायची, तीन अक्षरांच्या शब्दांपासून, आणि हे काम त्यांना लाज न वाटता व्हायला हवं. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलीचं चित्रांचं पुस्तक दिलं तर तो दुसऱ्या दिवशी दांडी मारेल. त्यापेक्षा शाळेत त्याच्या रोजच्या बघण्यातलं छापील काहीतरी आणा, कीटकनाशकाच्या डब्याचं लेबल, मोबाईलचं खोकं, क्रिकेटचा स्कोअरबोर्ड. त्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात विषारी हे त्याला तुमच्याआधी माहीत असतं, त्यामुळे शेजारी काय लिहिलंय हे वाचायची त्याला स्वतःहून इच्छा होते, आणि ज्याला विषय माहीत आहे त्याला शब्द पटकन लागतो.

बाकीच्या मुलांसाठी रोज तासिकेतली पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीतरी नवीन वाचायचं, अगदी सोपं, पानातले जवळजवळ सगळे शब्द ओळखीचे असतील इतकं सोपं. तुम्ही एम.ए. आहात म्हणून हे सांगते, आपल्याला सोपं वाचायला देण्यात कमीपणा वाटतो, पण मुलाला वाचनाची सवय सोप्यातूनच लागते, अवघड उतारा त्याला फक्त शब्दकोश बघायला लावतो. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, तिथे गोष्टी लेव्हलप्रमाणे लावलेल्या आहेत, फुकट आहेत, डाउनलोड करून प्रिंट काढता येतात आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत. आधी मराठी गोष्ट वाचून मग तीच इंग्रजीत वाचली तर बिचकणारी मुलंसुद्धा पुढे सरकतात. वाचून झालं की मराठीत सांगायला लावा काय झालं गोष्टीत. वर्गात मराठी बोललं तर इंग्रजी बिघडतं ही समजूत डोक्यातून काढून टाका, पण ओळीओळीचं मराठी तुम्ही सांगायचं नाही, ते काम मुलाचं आहे. तुम्ही गप्प राहायचं. शिक्षकाला गप्प राहणं सगळ्यात जड जातं, मधे पाच मिनिटं वर्गात शांतता असली की आपण काही शिकवतच नाही आहोत असं वाटतं, आणि नेमका त्याच वेळी हेडसरांचा राउंड असतो.

म्हणून हेडसरांशी आधीच बोलून घ्या. त्यांच्याकडे साहित्य, तत्त्व वगैरे घेऊन जाऊ नका, दहावीची कृतिपत्रिका घेऊन जा. ८० मार्कांच्या त्या पेपरात न पाहिलेले उतारे येतात, सारांश लिहायचा असतो, शेवटी भाषांतराचा छोटा प्रश्न असतो. हे पाठ करून येत नाही, वाचता येणाऱ्यालाच येतं, आणि बॉर्डरवरची मुलं नेमकी इथेच मार्क घालवतात. त्यांना सांगा की यावर्षी दहावीला जसं चाललंय तसं चालू द्या, घोटून घेण्यात मी कमी करणार नाही, पण आठवी आणि नववीत मला रोजची ही पंधरा मिनिटं द्या. कुठलाही हेडमास्तर याला नाही म्हणणार नाही, कारण हीच आठवी दोन वर्षांनी त्यांची दहावी होणार आहे.

पालकांचं बोलण्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बोलता न आल्याने माणसाचा किती पाणउतारा होतो हे ज्याने सोसलंय त्यालाच कळतं, आणि खेड्यातल्या आईबापाला आपल्या लेकराच्या वाट्याला ते नको आहे, यात गैर काय? सावित्रीबाईंनी १८५४ च्या आपल्या कवितांमधून इंग्रजी शिका असं शूद्रातिशूद्रांना सांगितलं ते हौस म्हणून सांगितलं नव्हतं, ज्यांना शतकानुशतकं शिकूच दिलं नव्हतं त्यांच्यासाठी ते एक दार होतं. त्यामुळे इंग्रजीचं स्तोम असं कोणी म्हणालं की मी जरा थांबते, ज्यांची दारं आधीपासून उघडी होती त्यांना तसं म्हणणं सोपं असतं. पण पालकांना हे नीट समजावून सांगायला पाहिजे की हाऊ आर यू, आय अॅम फाइन एवढं घडाघडा म्हणणं म्हणजे बोलता येणं नाही. बोलायला शब्द लागतात आणि ज्या गावात कोणी इंग्रजी बोलत नाही तिथे ते शब्द वाचनातूनच येणार. पालक मीटिंगला भाषण न देता एखाद्या मुलीला उभं करा, पालकांपैकीच कोणालातरी नवीन पान निवडू द्या, तिने ते वाचावं आणि मराठीत सांगावं. ही मुलगी आपल्या वस्तीतली आहे आणि तिला कोणी पाठ करून दिलेलं नाही हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की पुढचं बोलणं सोपं होईल.

बोलण्यासाठी वर्गात वेळ ठेवाच, पण त्यात काहीतरी काम असू द्या. १९७९ ते ८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला होता, ग्रामरचे तास न घेता मुलांना नकाशे, रेल्वेचं टाइमटेबल असल्या गोष्टींवर कोडी सोडवायला द्यायची, मुलं उत्तर शोधण्यात गुंतली की भाषा वापरली जाते आणि वापरता वापरता मुरते. तुम्ही बार्शी एसटी स्टँडचं वेळापत्रक इंग्रजीत उतरवून फळ्यावर लावा आणि विचारा की सकाळी निघून पुण्याला बारापर्यंत पोचायचं तर कुठली गाडी, मुलं भांडतील, अर्ध्या मराठीत बोलतील, बोलू द्या.

मोबाईलवर ट्रान्सलेट होतं आता, मग वाचायला कशाला शिकायचं असंही कोणी म्हणेल. मोबाईल ढोबळ अर्थ सांगतो, तो चुकला तर चुकला हे कळायला मूळ वाचता यावं लागतं.

सीनियर सरांशी वाद घालू नका, त्यांचा उपयोग करून घ्या, मी मनापासून सांगते. कवितेवर प्रेम असलेला माणूस शाळेत असणं ही मोठी गोष्ट आहे. त्यांना म्हणा सर, महिन्यातून एकदा माझ्या नववीला एक कविता वाचून दाखवा, नुसती वाचून दाखवा, अर्थ नको, अप्रिसिएशन नको. चांगल्या आवाजात वाचलेली कविता मुलं ऐकतात, सगळी कळली नाही तरी ऐकतात. मग मुलांनी त्यांना कुठली ओळ आवडली एवढंच एका वाक्यात लिहायचं, वाक्य मोडकं असलं तरी त्यांचं स्वतःचं असेल. सरांचा साहित्याचा आग्रह मला पटतो, माझं म्हणणं एवढंच की वाचता न येणाऱ्या मुलापर्यंत साहित्य पोचत नाही, त्याच्यापर्यंत पोचतात ती गाईडची उत्तरं.

राहिल्या मराठीच्या मॅडम. या सगळ्यांत तुमची सगळ्यात जवळची जोडीदार त्याच आहेत. ज्याला मराठी उतारा वाचून त्यातला मुद्दा सांगता येत नाही त्याला तो इंग्रजीत येणार नाही, वाचून अर्थ लावायची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेत कामाला येते. तुमच्या यादीतली पंधरावीस मुलं त्यांना दाखवा, मला वाटतं त्यातली बरीच त्यांच्याही यादीत असतील. दोघींनी मिळून त्या मुलांचं बघितलं तर काम निम्मं होईल. इंग्रजी हा विषय वेगळा आणि इंग्रजी माध्यम वेगळं, या दोन्हीची आपल्याकडे सारखी गल्लत होते. मुलाने विज्ञान, इतिहास, गणित आपल्या भाषेत नीट समजून शिकावं आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून उत्तम शिकावा यात काही भांडण नाही, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण असावं असंच म्हटलंय. तुमच्या शाळेत सेमीचा, म्हणजे गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीतून शिकवण्याचा, विषय निघाला तर हे आठवणीत ठेवा, इंग्रजी वाचता न येणाऱ्या मुलाला सेमीला घातलं तर तो गणित-विज्ञानही पाठच करायला लागतो.

एक गोष्ट जपून करा, वाचता न येणाऱ्या मुलांची वेगळी तुकडी, वेगळा बाक असं काही करू नका. गट करा पण आठवड्याला बदलते ठेवा आणि चांगलं वाचणाऱ्या मुलीला दुसऱ्याच्या शेजारी बसवा. तालुक्यात इंग्रजीच्या शिक्षकांचा गट भरत असेल, ब्रिटिश कौन्सिलच्या तेजस उपक्रमात टॅग नावाचे शिक्षकांचे गट असायचे तसा, तर जात जा, एकट्याने हे रेटणं थकवणारं असतं आणि दुसऱ्या शाळेतल्या कोणीतरी याच्यावर काहीतरी उपाय काढलेला असतोच.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या पंधरावीस मुलांना परत एकेक करून बोलावून ऐका, तीच चार वाक्यं नकोत, नवीन द्या. कोण कुठे अडकतंय ते लिहून ठेवा आणि मला त्यातल्या अजिबात न हललेल्या मुलांबद्दल आधी लिहा, त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागेल, ते आपण त्यांच्या वाचनाकडे बघूनच ठरवू.